इंग्रजीच येत नाही, मग जर्मन कसं येणार?

आज आम्ही पाचजणी आलोय. माइक एकच आहे, म्हणून बोलणार एकजण. पण काय बोलायचं ते पाचजणींनी बसून ठरवलंय, तेव्हा आजचं सगळं 'आम्ही' म्हणूनच ऐका.

आमच्यात एक अंगणवाडी सेविका आहे, एक परिचारिका आहे, दोघी बी.ए. करताहेत, आणि पाचवी बारावी पास होऊन दहा वर्षं घर आणि शेत बघतेय. गेलं वर्षभर आम्ही शनिवार-रविवारी एस.टी.नं विद्यापीठात जात होतो, जर्मन भाषेच्या सर्टिफिकेट कोर्सला. हा वर्ग अगदी पहिलीपासूनचा असतो. एबीसीडीपासून सुरुवात. आधी काही येत असण्याची अट नसते. साधारणपणे बारावी पास असलं की प्रवेश मिळतो. पुणे विद्यापीठाचे हे वर्ग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात भरतात. मुंबईत आणि कोल्हापुरातही विद्यापीठात जर्मन शिकायची सोय आहे.

आज हा विषय घ्यायचं कारण तुम्हीच आहात. बऱ्याच बचत गटांच्या बैठकांत हल्ली एकच प्रश्न निघतोय. पोरगी जर्मन शिकते म्हणते, फीसाठी गटातून कर्ज मागते, आणि बायका म्हणतात, अगं, तिला इंग्रजीच धड येत नाही, मग जर्मन कसं येणार? २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशी हाताचं काम शिकलेली माणसं इथून तिकडे पाठवायची, असा तो करार. तेव्हापासून तालुक्याच्या गावालाही जर्मन क्लासच्या पाट्या लागल्यात. त्यामुळे प्रश्न खरा आहे. कर्ज द्यायचं की नाही, हे गटाला ठरवायचंय.

तर आधी इंग्रजीचं बोलू. वर्गात पहिल्या दिवशी आमच्या पोटात गोळा होता. शेजारी इंजिनिअरिंगची पोरं, इंग्रजी शाळेत शिकलेली. पण जर्मनचं व्याकरण सुरू झालं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गंमत दिसायला लागली. ती पोरं जिथे अडत होती, तिथून आम्ही सरळ पुढे जात होतो. कारण आम्हाला मराठी येत होती.

कसं ते सांगतो. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं, आणि लिंगं तीन. डेअर, डी, डास. म्हणजे तो, ती, ते. (डास म्हणजे चावणारा नव्हे. पहिल्या दिवशी सगळा वर्ग यावर हसला.) इंग्रजीत हे नाहीच. हिंदीत दोनच लिंगं, तिथे 'ते' नाही. मराठीत मात्र तिन्ही आहेत. आपल्या जेवणाच्या पानावर बघा, चमचा तो, वाटी ती, ताट ते. का म्हणून विचारलं तर सांगता येत नाही, पण चूक कधी होत नाही. जर्मन बाईच्या टेबलावर तसंच आहे. चमचा डेअर, काटा डी, सुरी डास. तिलाही कारण सांगता येणार नाही.

शब्द जुळतातच असं नाही. दूध आपल्याकडे 'ते', त्यांच्याकडे 'ती', डी मिल्श. पण किती जुळतात ते ऐका. पाणी, डास वासर. घर, डास हाउस. मूल, डास किंट. मीठ, शेत, सोनं, अंडं, पुस्तक, सगळं आपल्याकडे 'ते' आणि त्यांच्याकडेही 'डास'. आम्ही वहीत असे जुळणारे शब्द एका पानावर आणि न जुळणारे दुसऱ्या पानावर लिहायचो. मग पाठ करायला दुसरंच पान उरायचं.

मुलीला त्यांच्यात 'डास मेडशन' म्हणतात. मुलगी आणि 'ते'? वर्गातल्या मुली चिडल्या. पण आपण काय म्हणतो, ते पोरगं, ते लेकरू. जर्मनमध्ये शब्दाला 'शन' हे शेपूट लागलं की ती वस्तू लहान, लाडकी होते, आणि असला प्रत्येक शब्द 'डास' होतो. आपल्याकडे शेपूट 'रू' आहे. वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू, सगळी 'ते'. नियम कळल्यावर आमची अंगणवाडीची ताई म्हणाली, "हे तर आमच्या गोठ्यातलं व्याकरण!"

उच्चारांचंही तसंच. जर्मनमध्ये साखरेला त्सुकर म्हणतात. त्यातला 'त्स' म्हणजे चूल आणि चटणीतला 'च'. मिठाला जाल्त्स म्हणतात, त्यातला 'ज' जाऊबाईतला. हे दोन्ही आवाज आपल्या तोंडात जन्मापासून आहेत. शिवाय हा त्सुकर मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातली शर्करा फारसी, अरबी, इटालियन असा प्रवास करत तिकडे पोचली आणि त्सुकर झाली. आलं म्हणजे इंगवेर, ते संस्कृतातल्या 'शृंगवेर'वरून. मिरी म्हणजे प्फेफर, ती 'पिप्पली'वरून. मसाल्याच्या डब्यातले तीन शब्द आपल्याच देशातून गेलेले.

वाक्याची रचना बघा. "कारण मी आजारी आहे." जर्मनमध्ये, "वाइल इश क्रांक बिन." वाइल कारण, इश मी, क्रांक आजारी, बिन आहे. एकही शब्द जागचा हलला नाही. इंग्रजीतून विचार करणारी मुलं 'आहे' मध्येच घालायची आणि बाई रोज तेच खोडायच्या. मात्र साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर येतं, "मी पिते पाणी" असं. ती सवय आम्हालाही लावून घ्यावी लागली.

आपण म्हणतो, मला आवडतं, मला थंडी वाजते, मला मळमळतं. 'मला'पासून सुरुवात. जर्मन माणूस थंडी वाजली की म्हणतो "मिअर इस्ट काल्ट", मळमळलं की "मिअर इस्ट श्लेश्ट". मिअर म्हणजे मला. शब्दाला विभक्ती आपल्यासारखीच लागते, फक्त आपण प्रत्यय मागे जोडतो, मूल-मुलाला, आणि ते पुढचं 'डास' बदलून 'डेम' करतात. डास किंट म्हणजे मूल, डेम किंट म्हणजे मुलाला. शाळेत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी घोकताना वाटायचं, याचा आयुष्यात काय उपयोग? जर्मनमध्ये नेमक्या त्याच चार आहेत.

आकड्यांचं आमच्या परिचारिका मैत्रिणीला फार अप्रूप वाटलं. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, आधी एकम मग दशक. जर्मनही पाच-आणि-वीस म्हणतो. इंग्रजीत वीस-पाच. रक्तदाब किंवा औषधाचा डोस कानानं ऐकून लिहायचा असेल तर बावन्न आणि पंचवीसमध्ये घोटाळा होऊन चालत नाही. घड्याळ मात्र जपून वाचायचं. ते "हाल्प ड्राय" म्हणतात, शब्दशः 'अर्धे तीन', आणि वेळ असते अडीचची. ऐकणारा साडेतीन समजतो. पण आपला 'अडीच' तरी कुठून आला? संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'मधून, म्हणजे तिसरा अर्धाच. विचार एकच आहे. शिवाय तू आणि तुम्ही हा मानाचा भेद त्यांच्यातही आहे, डू आणि झी. डॉक्टरांना किंवा म्हाताऱ्या रुग्णाला कुणी 'डू' म्हणत नाही.

जोडशब्दांची भीती घालतात, की जर्मन शब्द हातभर लांब असतात. असतात. पण ते फोडता येतात. क्रांकनहाउस म्हणजे आजाऱ्यांचं घर, हॉस्पिटल. हांटशू म्हणजे हाताचा जोडा, आपला हातमोजा. आणि किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. हे नाव फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८४० साली दिलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ज्या कामाचा पाया घातला, त्या बालवाडी या नावातही बागच आहे. नारळाची वाडी, तशी बाळांची वाडी.

आता अवघड काय आहे ते. तेही आहेच. ओठ 'उ'सारखे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं, असा एक स्वर आहे. तो येईपर्यंत आम्ही एस.टी.त तोंडं वाकडी करत बसायचो आणि कंडक्टर बघत राहायचा. काही क्रियापदं वाक्यात फुटतात. "मी पाचला उठते" म्हणताना उठण्यातला अर्धा तुकडा सुरुवातीला आणि अर्धा अगदी शेवटी. सगळ्यात जड जातं ते ऐकणं. पुस्तकात वाचलेलं वाक्य कुणी भराभर बोललं की निसटून जातं. त्यात बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये घराघरांत स्वाबियन, आलेमानिश अशा बोली बोलतात, प्रमाण भाषेपेक्षा बऱ्याच निराळ्या. तिथली आजी 'मेडशन' न म्हणता 'मेडले' म्हणेल. शहरातला माणूस आपल्या गावात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचं होतं, तसंच तिथे पहिले काही महिने होणार.

आणि घरातली अडचण. वर्ग आठवड्याला चार तास, पण रोज घरी एक तास बसलं नाही तर त्या चार तासांतलं काही उरत नाही. तो एक तास मिळवणं हे व्याकरणापेक्षा कठीण. पोरगा पुस्तक घेऊन बसला की घर आवाज कमी करतं, सून बसली की कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार असा प्रश्न येतो. आमच्यातल्या एकीनं डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखरेच्या डब्यावर त्सुकर, मिठाच्या बरणीवर जाल्त्स. सासूबाई आधी म्हणाल्या, "हे काय घरभर चिटकवलंयस?" दोन महिन्यांनी त्याच म्हणायला लागल्या, "जाल्त्स संपलंय गं." तेव्हापासून संध्याकाळचा तास तिला मिळाला. दुसरी एक भाकऱ्या थापता थापता मोबाइलवर धडे ऐकायची. पाचजणींतल्या चौघी परीक्षेला बसलो. पाचवीचं लग्न दिवाळीत ठरलं आणि वर्ग सुटला. पुस्तक तिनं सासरी नेलंय, आणि परत मागायचं नाही असं आमचं ठरलंय.

घरच्यांच्या नापसंतीवरून एक जुनी गोष्ट सांगतो. इरावतीबाई कर्वे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, 'युगान्त' लिहिणाऱ्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्या बर्लिनला गेल्या आणि दोन वर्षांत मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. प्रबंध जर्मन भाषेत. सासरे कोण, तर बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलेले महर्षी कर्वे. पण सुनेनं जर्मनीला जाणं त्यांनाही पसंत नव्हतं. नवरा दिनकरराव, ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले, ते पाठीशी राहिले, आणि जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन खर्च भागवला. बचत गट तेव्हा नव्हते. पण एक बाई कर्ज काढून जर्मनीला शिकायला गेली आणि कामाची माणूस होऊन परत आली, हे शंभर वर्षांपूर्वीच घडून गेलंय.

म्हणून गटानं कर्ज द्यावं, असं आमचं मत आहे. पण कशासाठी आणि कुणाच्या हातात, हे बघून. इथून पुढचं नीट ऐका.

भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-एक, ए-दोन, बी-एक, बी-दोन, सी-एक, सी-दोन. वर्षभराच्या सर्टिफिकेट कोर्सनं माणूस पहिल्या पायरीवर नीट उभा राहतो, फार तर दुसरीच्या तोंडाशी येतो. स्वतःची ओळख, बाजार, वेळ, पत्ता, साधं पत्र, इतकं जमतं. परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-दोन लागतं, म्हणजे चौथी पायरी. तिथवर जायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूटचा, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्समुल्लर भवनाचा अंदाज आहे. हिशोब करा. ६०० तासिका म्हणजे ४५० तास. आठवड्याला चार तासांनी सव्वादोन वर्षांच्या आसपास. ८०० धरल्या तर तीन वर्षांला थोडं कमी. रोज पाच-सहा तासांचा वर्ग लावला तर लवकर होईल, पण मग बाकी काम बंद ठेवावं लागतं.

आता जो कुणी तुमच्या दारात येऊन म्हणेल, तीन महिन्यांत बी-दोन करून देतो, सोबत नोकरी आणि व्हिसा पक्का, दोन लाख भरा, त्याच्यासमोर हा हिशोब ठेवा. शेजारच्या तालुक्यात एका क्लासवाल्यानं मुलींची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. ती परत मिळवायला आईबापांना पाच फेऱ्या माराव्या लागल्या. मूळ कागद कुणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. पैसे दिले की पावती घ्यायची. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. आणि क्लासनं स्वतः छापलेलं प्रमाणपत्र तिकडे चालत नाही, मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षाच द्यावी लागते. गोएथेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत १०० पैकी ६० गुण लागतात. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, चारही तपासतात. बी-एकपासून प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं.

पैसे न घेताही माणसं जातात, हे लक्षात असू द्या. केरळ सरकारच्या नोर्का या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेशी करार केला. त्या योजनेत निवड झालेल्या परिचारिकांना भाषेचं शिक्षण फुकट मिळतं.

ज्यांच्या मुलींना तिकडे शिकायला जायचंय त्यांनाही एक आकडा सांगतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, हे खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्यासारख्या बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे दहा लाख रुपयांहून जास्त. 'शिक्षण फुकट' असं पाटीवर वाचलं तर ही रक्कमही धरून चाला.

आमचं विचाराल तर दोघी पुढच्या डिप्लोमाला जातोय. परिचारिका मैत्रीण बी-दोन पूर्ण करणार आणि मगच अर्ज करणार. अंगणवाडीच्या ताईंना कुठे जायचं नाही. त्या एक्केचाळीस वर्षांच्या आहेत आणि परीक्षेत आम्हा सगळ्यांत जास्त गुण त्यांना मिळाले. का शिकलात असं कुणी विचारलं की त्या सांगतात, माझी मुलगी शिकणार आहे, तिची वही मला तपासता आली पाहिजे.

पुस्तक कसं असतं, त्यात काय शिकवतात हे ज्यांना बघायचंय, त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीचा दिवस आम्हाला रेडिओवर फोन करून कळवा. आमच्यातली कुणीतरी पुस्तक आणि वही घेऊन येईल. वहीच्या पानांवर हळदीचे डाग आहेत, तेवढे चालवून घ्या.